भिवंडीच्या भिशा : यंत्रमागाच्या गावातला जेवणाचा धंदा

भिवंडीत भिशी म्हणजे यंत्रमाग कामगारांची महिनेवारी खानावळ. उत्तरेकडचे कामगार तिला बिस्सी म्हणतात. पैसे लावण्याच्या भिशीशी तिचा संबंध नाही. दारावर पाटी नसते, भिंतीवर दरपत्रक नसते आणि गल्ल्यावर कुणी बसलेले नसते. एखादी लांबट खोली, बाहेरच्या अंगाला मोठी शेगडी, पातेली, चटया किंवा बाकडी आणि एक जाड वही एवढ्यावर ती चालते. ठरलेली माणसे ठरलेल्या वेळी येतात, समोर येईल ते जेवतात आणि हिशेब पगाराच्या दिवशी करतात. बाहेरच्याला तिथे जेवायला मिळेलच असे नाही, कारण त्याचे खाते नसते.

मोठ्या शहरातला हॉटेलवाला जागा, सजावट आणि पदार्थ यांवर पैसा लावतो, आणि गिऱ्हाइकाकडून तो त्याच बैठकीत वसूल करायला लागतो. भिशीवाल्याचा पैसा जेवणाऱ्याच्या अंगावर असतो. पन्नास-शंभर माणसांना पंधरवडाभर किंवा महिनाभर आधी जेवू घालायचे आणि नंतर पैसे घ्यायचे, हा त्याचा व्यवहार. स्वयंपाक त्यातला सोपा भाग. कुणाला किती दिवस उधार द्यावे आणि कुणाकडून कधी वसूल करावे, हे ज्याला कळले त्याची भिशी टिकली.

या धंद्याची मुळे मुंबईच्या गिरणगावात सापडतात. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरण्यांनी भरला. कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आले ते बहुतेक एकटे. बायकामुले गावी, शेती गावी, आणि मुंबईत एका खोलीत दहा-पंधरा गाववाले. अशा खोलीत चूल पेटवणार कोण? ते काम खानावळवालीने उचलले. ही बाई बहुधा कुणा गिरणी कामगाराची बायको असे किंवा विधवा, आणि जेवणारे तिच्याच गावचे, तालुक्याचे, जातीचे असत. दोन वेळची भाकरी किंवा चपाती, आमटी, भात, भाजी. मधूनच सुकट, रविवारी जमले तर मटण. पाळीनुसार डबे भरून गिरणीच्या फाटकापर्यंत पोचवायचे कामही तिच्याच घरातले कुणी करी.

एकाच गावची माणसे एका ताटावर का जमत, याचे उत्तर चवीत थोडे आणि उधारीत अधिक आहे. गिरणीचा पगार महिन्याने आणि तोही उशिरा होई, म्हणजे नव्याने लागलेल्या कामगाराला पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना उलटे. तेवढे दिवस त्याला जेवण उधार मिळे ते तो अमक्याचा पुतण्या किंवा तमक्या वाडीचा म्हणून. पळून गेला तरी त्याचे घर कुठे आहे हे खानावळवालीला ठाऊक असे. दुसऱ्या बाजूने ती स्वतः वाण्याची देणेकरी होती. तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल सगळे उधारीवर येई, आणि अडल्या वेळी सावकाराकडून घेतलेल्या पैशावरचे व्याज वेगळे. वाण्याची उधारी खानावळवालीवर आणि खानावळवालीची कामगारावर, अशी ती साखळी होती. गिरणीचा भोंगा बंद पडला की सर्वांत आधी ताण तिच्या मधल्या कडीवर येई.

मुंबईत बाहेर खाण्याच्या सोयी कमी नव्हत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर इराण्याची हॉटेले होती, पुढे माटुंग्यापासून उडुपी हॉटेले पसरली, आणि गिरगाव-दादरकडे पांढरपेशांसाठी मराठी उपाहारगृहे होती. तरी गिरणी कामगार इराण्याकडे चहा-पावापुरता जाई. तिथे रोख द्यावी लागे, आणि रोज दोन वेळा रोख मोजणे त्याच्या कमाईत बसत नव्हते. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिताना इराणी आणि उडुपी हॉटेलांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. लाखो कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या खानावळी मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपतात, कदाचित त्यांना पाटी नव्हती म्हणून.

या बायकांकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या चळवळीतून आणि कम्युनिस्ट कामगार संघटनेतून आलेल्या पुरव यांनी १९७३-७४ च्या गिरणी संपात एक गोष्ट टिपली. संपकऱ्यांना रोजचे जेवण उधारीवर देऊन संप टिकवणाऱ्या या बायका होत्या, पण संघटनेच्या लेखी त्यांची गणती कामगारात नव्हती. त्यातून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. सुरुवातीला १४ खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून लहान कर्जे मिळवून दिली गेली. १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजना सुरू झालेली होती. तारण देऊ न शकणाऱ्या बायकांना त्या योजनेपर्यंत नेणे हे खरे काम होते. अशा बायका एकमेकींना जामीन राहिल्या. सावकाराच्या व्याजातून सुटका झाली की त्याच ताटातून चार पैसे उरतात, हे तेव्हा प्रथम आकड्यांत दिसले. २००२ मध्ये पुरव यांना पद्मश्री मिळाली.

भिवंडीत ही पद्धत पोचायला वेळ लागला, कारण भिवंडीला आधी तिची गरज नव्हती. कामवारी नदीच्या काठचे हे जुने व्यापारी गाव. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर भिवंडी घेतली तेव्हाही ते खाडीच्या व्यापाराचे ठिकाण होते. भात, मीठ, सुकी मासळी यांची उलाढाल इथे चाले, आणि जमिनी व घरे बऱ्याच अंशी कोकणी मुसलमान कुटुंबांकडे होती. १८५७ च्या उठावानंतर आझमगढ, मऊ, बनारस या पट्ट्यातले मोमिन विणकर दक्षिणेकडे सरकले. त्यांतले काही बुऱ्हाणपूरला, काही मालेगावला आणि काही भिवंडीला स्थिरावले. पण हातमाग हा घरातला धंदा. पुरुष मागावर, बाई कांडी भरायला, मुले हाताशी, आणि चूल त्याच घरात. कुटुंबच कामगार असताना खानावळीला जागा कुठली?

ती जागा यंत्रमागाने केली. १९३० च्या दशकात भिवंडीत यंत्रमाग येऊ लागले, अनेकदा गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग. स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणाने त्यांना अनपेक्षित बळ दिले. हातमागाचे रक्षण व्हावे म्हणून १९५६ च्या धोरणाने गिरण्यांच्या नव्या मागांवर मर्यादा घातली. पण हातमागाला दिलेली मोकळीक यंत्रमागाने वापरली. एका शेडमध्ये चार, आठ, चोवीस माग, मालक वेगळा, सूत देणारा व्यापारी वेगळा आणि विणकर तिसराच, अशी रचना तयार झाली. व्यापारी सूत देतो, मालक विणून देण्याची मजुरी घेतो, आणि कामगाराला मीटरवर किंवा पिकांवर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, पैसे मिळतात. हा कामगार आता घरातला राहिला नव्हता. तो उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आणि तेलंगणातल्या करीमनगर, वरंगल, नलगोंडा भागातून एकटा येऊ लागला. तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती पद्मानगर, कामतघर या भागांत वाढली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. कापडाची मागणी मात्र थांबली नाही. गिरण्यांच्या नावाचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. १९८५ च्या वस्त्रधोरणाने गिरणी, यंत्रमाग आणि हातमाग यांच्यातली जुनी कुंपणे बरीचशी काढली. गिरणगावात त्याच वेळी उलटे घडत होते. जेवणारे गावी निघून गेले होते, वहीतली उधारी बुडाली होती, आणि वाणी मात्र दारात उभा होता. ज्या खानावळवाल्या तगल्या त्यांनी पोळीभाजी, मसाले, कार्यालयांतले जेवण असे मार्ग धरले. अन्नपूर्णानेही दादर आणि वाशीकडे जेवण पुरवण्याचे काम वाढवले. गिरणगावात ताटे कमी झाली आणि भिवंडीत वाढली, पण गिरणगावची खानावळवाली भिवंडीला गेली असे फारसे झाले नाही. तिथे माणसे वेगळी, भाषा वेगळी, आणि शेगडीवर बहुतेक पुरुष. पद्धत तेवढी तीच: एकट्या पुरुषांची वस्ती, गावाच्या ओळखीवर उभी असलेली उधारी, आणि वही.

भिशीचे वेळापत्रक मागाच्या पाळीवर बेतलेले असते. भिवंडीत पाळी बारा तासांची, आणि दिवसपाळी-रात्रपाळीची अदलाबदल ठरावीक दिवसांनी. एकाच खोलीत दिवसपाळीचे लोक रात्री आणि रात्रपाळीचे लोक दिवसा झोपतात. काही जण शेडच्या पोटमाळ्यावरच पथारी टाकतात. अशा खोलीत स्वयंपाक करायला जागा नसते, आणि बारा तास उभे राहून चार-सहा माग सांभाळल्यावर ताकदही नसते. म्हणून भिशीची शेगडी पहाटे पेटते आणि रात्री उशिरा विझते. पाळी बदलायच्या आगेमागे गर्दी उसळते. अर्ध्या तासात साठ-सत्तर माणसे जेवून उठायची असतात, कारण माग थांबला तर मजुरी थांबते. सुटीचा दिवस शुक्रवार. त्या दिवशी जेवण जरा बरे, ज्या भिशीत मांस असते तिथे ते बहुधा त्या दिवशी हमखास.

जेवणही माणसांच्या मुलखाप्रमाणे वेगळे. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारच्या कामगारांच्या भिशीत जाड पोळ्या, भात, डाळ, बटाट्याची किंवा हंगामी भाजी. पद्मानगरकडच्या तेलुगू भिशीत भाताचा डोंगर, आंबट वरण, चिंच आणि मिरची यांचा सढळ हात. मुसलमान कामगारांच्या भिशीत आठवड्यातून एकदोनदा गोश्त. स्थानिक कोकणी मुसलमान घरांतली तांदळाची भाकरी आणि मासळी या भिशांच्या वाट्याला फारशी आली नाही. घरमालक आणि भाडेकरू एकाच गल्लीत राहून वेगळे जेवत राहिले. भिवंडीच्या नावावर एखादा खास पदार्थ का नाही, याचे कारण इथे असावे. भिशीत प्रयोगाला वाव नसतो. जेवणाऱ्याला आपल्या गावचे जेवण हवे असते, आणि भिशीवाल्याला डाळीचा भाव परवडायला हवा असतो.

भिशीवाल्याची वाटचाल साधारण एका वळणाने जाते. तो स्वतः कामगार म्हणून आलेला असतो. काही वर्षे माग चालवल्यावर कान, छाती किंवा पाय कुरकुरायला लागतात, किंवा दुसऱ्याच्या भिशीत हाताखाली राहून त्याला धंदा कळतो. मग आपल्याच खोलीतल्या आठ-दहा गाववाल्यांपासून सुरुवात. भांडी आधी भाड्याची, नंतर स्वतःची. वाण्याकडे पत निर्माण झाली की संख्या वाढते. वीस-पंचवीस ताटांच्या पुढे गेल्यावर पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला माणूस ठेवावा लागतो, आणि तोही गावाकडून आणलेला. बायकोमुले भिवंडीत आली असतील तर घर आणि भिशी एकच होऊन जाते आणि मजुरी वाचते. शंभर ताटांच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही. स्वयंपाकाला अडचण नसते, पण शंभरांपलीकडे चेहरे ओळखू येईनासे होतात, आणि अनोळखी माणसाला महिनाभर उधार देणे म्हणजे पैसे वाटणे.

वहीतले गणित बारीक असते. महिन्याचा दर ठरलेला, पण गैरहजेरीची वजावट असते: किती दिवस सलग आधी सांगून गेला तर खाडे धरायचे, पाहुणा आणला तर किती ताटे लावायची, याचे प्रत्येक भिशीचे नियम. गावी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी खाते मिटवायचे असते; ईद, होळी, लग्नसराई आणि पेरणीच्या आधीचे दिवस भिशीवाल्याच्या वसुलीचे आणि चिंतेचेही. काही वेळा मागमालकच मध्ये असतो. पगारातून भिशीची रक्कम कापून सरळ भिशीवाल्याला देतो. ही सोय भिशीवाल्याला सुखाची वाटते, पण कामगाराला जेवणासाठीही मालकाशी बांधून टाकते. गिरणगावच्या खानावळवालीने संपात संपकऱ्यांना जेवू घातले, तसे इथे सहसा का घडत नाही, याचे एक उत्तर या कपातीत आहे.

माग बंद पडला की भिशी दोन-चार दिवसांत गडबडते. भिवंडीत हे वारंवार झाले आहे. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगलींनी संचारबंदी आणली, कामगार गावी पळाले आणि खाती तशीच राहिली. विजेच्या तुटवड्याच्या वर्षांत भारनियमनाने पाळ्या मोडल्या. मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा पगार कमी झाला की पहिली थकबाकी भिशीत दिसे. २६ जानेवारी २००७ पासून वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेले, देशातला हा अशा प्रकारचा पहिला करार. वीज नियमित झाली, मात्र बिलांवरून मालक आणि कंपनी यांच्यात तंटे चालू राहिले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीवर चालणारा सगळा व्यवहार आखडला. जुन्या नोटा भिशीवाल्याने घेतल्या तर वाणी घेईना, आणि नाकारल्या तर कामगाराकडे दुसरे काही नव्हते. पुढच्या जुलैत जीएसटी लागू झाल्यावर छोट्या मागमालकांची कामे काही काळ थंडावली, आणि त्यांच्याबरोबर ताटेही.

ताटातल्या मांसावर कायद्याचा परिणाम झाला तो २०१५ मध्ये. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होतीच. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये मिळाली, आणि मार्चपासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. विक्री किंवा वाहतूक केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. म्हैसवर्गाचे मांस मोकळे राहिले. एकच कायदा मुंबईच्या दक्षिण टोकाला आणि भिवंडीत अगदी वेगळ्या रीतीने उतरला. मुंबईतल्या महागड्या हॉटेलांच्या यादीतली बीफ स्टेक एका रात्रीत गेली. काहींनी म्हशीचे मांस वापरले, काहींनी पदार्थच काढला, आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या झाल्या. भिवंडीच्या भिशांत ‘बडे का’ हे स्वस्त मांस श्रमाच्या ताटातले प्रथिन होते. तिथे प्रश्न चवीचा नव्हता. जनावरांची ने-आण करणारा धजेना, कुरेशी खाटिकांचे काम कमी झाले, आणि म्हशीचा भाव वाढला की आठवड्यातले दोन दिवस एकावर आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. स्टेकच्या गिऱ्हाइकाला त्याचा थोडा उपयोग होता. भिशीला जवळपास काहीच नाही, कारण बाहेरच्या राज्यातून मांस मागवणे हा भिशीचा व्यवहारच नव्हे.

भिशीची सगळी रचना एकदम उघडी पडली ती २०२० च्या टाळेबंदीत. २५ मार्चपासून माग थांबले. पहिले काही दिवस भिशीवाल्यांनी वाण्याच्या उधारीवर शेगड्या चालू ठेवल्या, मग वाण्याची मर्यादा आली, आणि पोलिसांनी गर्दीची जागा म्हणून अनेक भिशा बंद केल्या. ज्यांच्याकडे चूल नाही, भांडी नाहीत आणि इथले रेशनकार्डही नाही, अशा माणसांचे जेवण एकाच वेळी संपले. स्वयंसेवी संस्था, मशिदी, स्थानिक तरुणांचे गट आणि महापालिका यांनी खिचडी व शिधा वाटला, पण संख्येपुढे तो अपुरा पडत होता. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक रेल्वे सुटली. त्याआधी आणि नंतरही हजारो माणसे मुंबई-नाशिक महामार्गाने पायी, सायकलवर, मालट्रकच्या टपावर निघाली. अनेकांच्या खात्यावर भिशीची बाकी होती. त्यातली बरीच पुढे परत आल्यावर हप्त्यांनी फेडली गेली. जे परत आले नाहीत त्यांची वहीतच राहिली.

त्यानंतर भिशी पुन्हा उभी राहिली, पण तिच्याभोवतीची भिवंडी बदलत होती. जुन्या मागांच्या जागी धोटा नसलेले वेगवान माग येतात तिथे तेवढ्याच कापडाला माणसे कमी लागतात. २००१ च्या जनगणनेत सुमारे सहा लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सात लाखांवर गेली, आणि नव्याने आलेल्यांत कुटुंब घेऊन राहणारेही आहेत. त्यांची चूल घरीच पेटते. शहराबाहेर माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे या गावांच्या शिवारांत मुंबईचा जकातकर चुकवण्याच्या सोयीने गोदामे उभी राहिली. जकात गेली तरी रस्त्यांच्या सोयीमुळे ती वाढतच राहिली, आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांचा माल तिथे साठू लागला. गोदामातला तरुण आठ-दहा तासांच्या पाळीत काम करतो, त्याचा पगार बँकेत जमा होतो आणि तो मोबाइलवरून पैसे देतो. त्याच्यासाठी रस्त्याकडेला राइस प्लेट आणि बिर्याणीची हॉटेले निघाली आहेत, तिथे उधार चालत नाही. काही भिशीवाल्यांनी गोदामांकडे डबे पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या वहीत आता दोन भाग दिसतात: मागवाल्यांची महिन्याची खाती, आणि डब्याच्या गिऱ्हाइकांची आगाऊ जमा.